बार्बेरी : गव्हापायी उपटलेले कुंपण

इ.स. १७२६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने चक्क एका झुडपाविरुद्ध कायदा केला. झुडूप होते बार्बेरी, म्हणजे आपल्या आयुर्वेदातील दारुहळदीचे युरोपीय भावंड. वसाहतकारांनी ते युरोपातून हौसेने आणले होते. काट्यांमुळे गुरे अडत, आंबट लाल फळांचा मुरंबा होई, सालीपासून पिवळा रंग मिळे. परसातल्या एका झुडपाकडून आणखी काय मागावे?

मात्र या कुंपणालगतचा गहू तांबेऱ्याने आधी करपतो, हे शेतकऱ्यांनी हेरले होते. १७५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सनेही बार्बेरी नष्ट करण्याची सक्ती केली. कारण कोणालाच सांगता येत नव्हते. अनेक विद्वानांना तर ही गावंढळ समजूत वाटे.

उलगडा झाला १८६५ मध्ये. जर्मन शास्त्रज्ञ आंटोन डी बारी यांनी दाखवले, की गव्हाच्या काडावर हिवाळा काढलेल्या तांबेऱ्यापासून वसंतात निघणारे बीजाणू गव्हाला लागतच नाहीत. ते रुजतात बार्बेरीच्या पानांवर. तेथे पानांखाली नारिंगी पेल्यांसारखे ठिपके उमटतात आणि त्यांतले बीजाणू वाऱ्याबरोबर पुन्हा गव्हावर जातात. एकाच बुरशीचे हे दोन संसार. शेतकऱ्यांचे निरीक्षण विज्ञानाच्या सव्वाशेहून अधिक वर्षे पुढे होते.

१९१६ मध्ये अमेरिकेत तांबेऱ्याची भीषण साथ आली. पाठोपाठ देश महायुद्धात उतरला आणि गहू ही युद्धसामग्रीच झाली. १९१८ पासून १३ राज्यांत बार्बेरी निर्मूलनाची मोहीम निघाली. बुंध्याशी मीठ ओतून झुडपे मारली जात. ती शोधून देणाऱ्या शाळकरी मुलांना पदके मिळत. पुढील दशकांत कोट्यवधी झुडपे गेली.

बागांना कुंपण तर हवेच होते. तांबेरा न लागणारी जपानी बार्बेरी रोपवाटिकांनी पुढे केली. आज तीच ईशान्य अमेरिकेच्या जंगलांत बेसुमार फोफावली आहे आणि काही राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आहे.

मग हिमालयातील दारुहळदही उपटायची का? आग्र्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. सी. मेहता यांनी अनेक वर्षे संशोधन करून याचे उत्तर नकारार्थी दिले. मैदानातील उन्हाळ्यात तांबेरा टिकत नाही. खोडावरचा काळा तांबेरा तग धरतो तो निलगिरी आणि पळणीच्या थंड डोंगरांतील गव्हावर, आणि वाऱ्यावरून उत्तरेकडे सरकतो. भारतातल्या या दरसालच्या साथीत दारुहळदीचा हात नव्हता.