टर्बोचार्ज्ड मोटारीची शक्तिवाढ

कारखान्यातूनच टर्बोचार्जर घेऊन आलेल्या आणि रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीच्या इंजिनाकडून मूळपेक्षा जास्त शक्ती व टॉर्क मिळवण्यासाठी केलेले फेरबदल. गॅरेजमध्ये याला ट्यूनिंग म्हणतात. इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, म्हणजे ईसीयूची आज्ञावली बदलणे (रीमॅप), मग इंटरकूलर, एक्झॉस्ट किंवा खुद्द टर्बो बदलणे आणि शेवटी वाढलेला भार पेलावा म्हणून क्लच, पिस्टन, कनेक्टिंग रॉड मजबूत करणे, असा याचा चढता क्रम आहे. टर्बो नसलेल्या इंजिनात कॅमशाफ्ट, सिलिंडर हेड, कॉम्प्रेशन यांवर बराच पैसा ओतूनही वाढ बेताचीच मिळते. टर्बो इंजिनात लॅपटॉप जोडून तासाभरात त्याहून जास्त मिळते. ही वाढ फुकटची नसते. उन्हाळा, हलके पेट्रोल, घाट, चुकवलेले सर्व्हिसिंग आणि वॉरंटीची वर्षे यांसाठी कंपनीने जी ताकद राखून ठेवलेली असते, तीच ट्यूनर खर्चायला काढतो. राखीव किती आहे आणि ती नेमकी कोणत्या भागात आहे, हे ओळखणे हाच या विद्येचा गाभा.

तत्त्व : पेट्रोल पूर्ण जाळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. इंधन हवे तेवढे फवारता येते. अडते ते हवेपाशी. टर्बोचार्जरमध्ये बाहेर पडणाऱ्या तप्त धुराने टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. छोट्या मोटारीच्या टर्बोची चाके मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतात. वातावरणाच्या वर जो दाब मिळतो तो बूस्ट. १ बार बूस्ट म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब वातावरणाच्या दुप्पट. मग शक्तीही दुप्पट का होत नाही? कारण दाबलेली हवा तापते. बाहेर ३५ अंश सेल्सियस असताना चांगल्या कॉम्प्रेसरने १ बार बूस्ट दिला, तर हवा सुमारे १३० अंशांवर बाहेर पडते आणि तिची घनता दुप्पट न होता दीडपटच होते. ७० टक्के कार्यक्षमतेचा इंटरकूलर तिला ६५ अंशांपर्यंत खाली आणतो, घनता १.८ पटींवर जाते. बंपरमागच्या त्या जाळीदार पेटीची किंमत एवढ्या आकड्यांवरून कळावी. तरीही हौशी मंडळी आधी आवाज करणारा एक्झॉस्ट घेतात आणि इंटरकूलर पुढच्या दिवाळीवर ढकलतात.

नॉकिंग : टर्बो पेट्रोल इंजिनाची खरी सीमा इथे आहे. स्पार्क प्लगने लावलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण उष्णता आणि दाब यांनी आपोआप पेटते, तेव्हा धातूवर हातोडी मारल्यासारखा ठोका ऐकू येतो. सौम्य नॉकिंग इंजिन काही काळ सहन करते. जोरदार नॉकिंग मात्र पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तोडते, हेड गॅस्केट उडवते. बूस्ट वाढवला की नॉकिंग जवळ येते. मग इग्निशन टायमिंग मागे घ्यावे लागते, मिश्रण पूर्ण भारावर १२ पट हवेच्या आसपास, म्हणजे पेट्रोलने श्रीमंत करावे लागते किंवा जास्त ऑक्टेनचे, म्हणजे नॉकिंगला सहज बळी न पडणारे, इंधन वापरावे लागते. टायमिंग मागे घेतल्याने शक्ती घटते आणि एक्झॉस्ट आणखी तापतो; म्हणून नुसता बूस्ट चढवत नेण्याला एका मर्यादेनंतर काही अर्थ राहत नाही.

भारतात बीएस-६ मानकाने मुळात साधे पेट्रोल किमान ९१ आरओएनचे (आरओएन म्हणजे ऑक्टेनचे माप), तर प्रीमियम ९५ चे ठरवले होते. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे एक्सपी-१०० काही शहरांत आणले. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन ९५ च्या आसपास जाते. इथेनॉल बाष्प होताना हवेतली बरीच उष्णता शोषून घेते, म्हणून नॉकिंगच्या दृष्टीने ते ट्यूनरच्या फायद्याचेच. पण त्यात ऊर्जा कमी असते आणि त्याला हवाही कमी लागते, त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टरला जास्त इंधन सोडावे लागते. जो रीमॅप मूळ पंप आणि इंजेक्टर यांच्या कमाल मर्यादेवर आधीच टेकला आहे, तिथे ही वाढीव मागणी भागत नाही आणि मिश्रण नको तेव्हा पातळ होते. परदेशात ९८ ऑक्टेनसाठी तयार झालेली रीमॅपची फाइल इथल्या गाडीत जशीच्या तशी भरणे, हे या व्यवसायातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महागात पडणारे काम आहे.

इतिहास : स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची याने १९०५ मध्ये धुरावर चालणाऱ्या अशा यंत्राचे पेटंट घेतले. मोटारीत ते आले १९६२ मध्ये, अमेरिकेत, ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअर यांतून. जेटफायरचे साडेतीन लिटरचे व्ही-८ इंजिन २१५ अश्वशक्ती देई. नॉकिंग टाळण्यासाठी त्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई, त्याची वेगळी टाकी असे आणि ती मालकाने भरायची असे. मालक विसरत. टाकी रिकामी झाली की बूस्ट बंद. वैतागून अनेकांनी टर्बोच काढून टाकून साधा कार्बोरेटर बसवून घेतला. १९७७ मध्ये साबने ९९ टर्बो मांडली आणि रोजच्या वापराची टर्बो गाडी शक्य असल्याचे दाखवले. पुढे १९८० च्या दशकात त्याच कंपनीने नॉकिंग ऐकून आपोआप बूस्ट कमी करणारी यंत्रणा आणली. आजच्या रीमॅपला जो थोडाफार निर्धास्तपणा आहे, तो नॉकिंग ऐकणाऱ्या सेन्सरच्या जिवावर.

ट्यूनिंगला पंथाचे रूप आले ते जपानमध्ये. १९८९ ते २००४ या काळात तिथल्या कंपन्यांनी आपसांतल्या समजुतीने मोटारीची जाहीर शक्ती २८० पीएसवर (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) थांबवली होती. १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आरचे २.६ लिटरचे दुहेरी टर्बो इंजिन त्याहून बरेच जास्त देण्याच्या ताकदीचे होते. बूस्टच्या नळीत बसवलेली एक छोटी अडथळ्याची नळी काढली की बूस्ट लगेच वाढे. मात्र त्या टर्बोची टर्बाइन चाके सिरॅमिकची होती आणि १ बारच्या वर ती फुटत. बीडाचा भक्कम ब्लॉक कितीतरी पटींचा भार पेलेल, पण चाक पेलणार नाही, असा तो विषम साठा होता.

रीमॅप : पूर्वी ईसीयूतली चिप काढून दुसरी बसवत, आता निदानासाठी दिलेल्या ओबीडी जोडणीतून किंवा ईसीयू उघडून फाइल लिहितात. आधुनिक ईसीयू पायाच्या दाबाचा अर्थ ‘एवढा टॉर्क हवा’ असा लावतो आणि त्यावरून बूस्ट, थ्रॉटल, टायमिंग, इंधन ठरवतो. चांगला ट्यूनर ही सगळी साखळी एकमेकींशी जुळती ठेवून बदलतो. केवळ बूस्ट सेन्सरला खोटे आकडे सांगणारी पेटी मध्ये जोडली, तर ईसीयू आंधळा होतो. मूळ सुट्या भागांवरचा रीमॅप म्हणजे स्टेज वन. डाउनपाइप (टर्बोला लागून असलेली एक्झॉस्टची नळी), इंटरकूलर इत्यादींसह स्टेज टू. मोठा टर्बो आला की स्टेज थ्री. या पायऱ्यांना कोणतेही मानक नाही. एकाचा स्टेज टू दुसऱ्याच्या स्टेज वनपेक्षा मवाळ असू शकतो.

एक उदाहरण : चाकण येथे बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय भारतात २०१३ मध्ये आली. १,१९७ घनसेंमी, चार सिलिंडर, थेट इंजेक्शन, १०५ पीएस, आणि १,५०० ते ४,१०० फेऱ्यांपर्यंत सलग १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. ही सपाट रेघ टर्बोच्या स्वभावातून येत नाही, ती सॉफ्टवेअरने आखलेली आहे. टर्बोला मधल्या फेऱ्यांत आणखी देता येते, त्याला दिले जात नाही. म्हणून या गाडीत रीमॅपने टॉर्क २२० ते २३० न्यूटन-मीटरपर्यंत आणि शक्ती १३० पीएसच्या आसपास जाते. ४,१०० फेऱ्यांना २३० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण १३४ पीएस, हा हिशेब कागदावरही जुळतो. पण हा सगळा टॉर्क ज्यातून चाकांकडे जातो तो सात गिअरचा, कोरड्या दुहेरी क्लचचा डीक्यू-२०० गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरसाठी बनलेला आहे. इंजिनाची राखीव संपण्याआधी गिअरबॉक्सची संपते. पुण्यासारख्या शहरात, सिग्नलमागून सिग्नल रांगत चालवलेल्या गाडीचा कोरडा क्लच तर आधीच तापलेला असतो.

पुढे चाकणहूनच आलेल्या टायगुन आणि व्हर्टसच्या दीड लिटर इंजिनाला कारखान्यातूनच १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर आहेत, आणि स्वयंचलित रूपात गिअरबॉक्स तोच. म्हणजे तिथे काठापर्यंत कंपनीनेच आणून ठेवले आहे; ज्याला पुढे जायचे असेल त्याने हाताने गिअर टाकायची गाडी घ्यावी आणि क्लचचा खर्च धरावा.

छोट्या थेट-इंजेक्शन इंजिनांत आणखी एक धोका असतो. कमी फेऱ्यांवर भरपूर भार दिला की प्लगने ठिणगी टाकण्याआधीच मिश्रण पेटते आणि हा एकच स्फोट पिस्टन फोडू शकतो. सिलिंडरमध्ये शिरलेले ऑइलचे थेंब हे त्याचे एक कारण, म्हणून २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे ऑइलचे नवे दर्जे आले. १,५०० फेऱ्यांवरच पाठीला धक्का देणारा मॅप ग्राहकाला आवडतो. समजूतदार ट्यूनर टॉर्क अडीच हजारांच्या पुढे नेऊन सोडतो.

डिझेल : महाराष्ट्रात रीमॅपची चव बहुतेकांनी डिझेलवर घेतली. डिझेलला नॉकिंगची ही सीमा नाही. सीमा धुराची, एक्झॉस्टच्या तापमानाची आणि टॉर्कची. फियाटचे १.३ मल्टिजेट हे रांजणगावलाही बनलेले इंजिन साध्या टर्बोने ७५ आणि पाती फिरवून झोत बदलणाऱ्या टर्बोने ९० पीएस देत असे. एकाच इंजिनाची ही दोन रूपे म्हणजे कंपनीने स्वतः केलेले ट्यूनिंगच. एक्झॉस्टमधली काजळीची गाळणी काढून काळा धूर सोडणारा मॅप हा मात्र अडाणीपणा आहे. न जळालेले डिझेल शक्ती देत नाही.

तपासणी : वाढ खरी आहे की भास, हे डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर), त्याच दिवशी, त्याच गाडीवर आधी आणि नंतर घेतलेल्या मापनावरूनच सांगता येते. त्याहून मोलाचा असतो चालत्या गाडीचा डेटालॉग : मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचे तापमान, मिश्रण, आणि प्रत्येक सिलिंडरला नॉकिंगमुळे मागे घेतलेले टायमिंग. मापन डिसेंबरच्या पहाटेचे असेल तर मे महिन्यातल्या विदर्भासाठी त्याचा उपयोग नाही. उंचीही मोजावी लागते : महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो, तोच दाब गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते आणि काठावर ट्यून केलेला छोटा टर्बो तिथे आपली मर्यादा ओलांडतो. प्लगची फट किंचित कमी करणे, एक पायरी थंड प्लग वापरणे, ऑइल लवकर बदलणे ही स्वस्त कामे रीमॅपच्या आधी करायची असतात.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२-ए नुसार मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी धुराच्या बाबतीतही दोषी ठरते. रस्त्यावर स्पर्धा लावण्याचा प्रश्नच नाही. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ अंतराच्या शर्यती झाल्या आहेत, तिथे वेळ मोजून मिळतो. ट्यून केलेल्या गाडीचा विमा घेताना फेरबदल कळवले नसतील, तर अपघातानंतर दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. वॉरंटीचेही तसेच : मूळ फाइल परत भरली तरी काही कंपन्यांच्या सर्व्हिस संगणकाला बदल झाल्याची खूण सापडते, आणि फोक्सवॅगन समूहात अशा गाडीवर टीडी-१ असा कायमचा शेरा पडतो.