टोण्ड दूध आणि क्रोमबुक : आरेच्या गोठ्यावरून स्वस्त लॅपटॉपकडे पाहताना

पंधरा-वीस हजारांचा, मुख्यतः ब्राउझरवर चालणारा लॅपटॉप घ्यावा, की आणखी पैसे घालून नेहमीचा विंडोजवाला घ्यावा, हा प्रश्न आज अनेक घरांत चर्चिला जातो. प्रश्न नवा वाटतो. पण त्यामागचा व्यवहार मुंबईने पाऊणशे वर्षांपूर्वी एका निराळ्याच वस्तूच्या बाबतीत करून पाहिला आहे. ती वस्तू म्हणजे दूध आणि जागा गोरेगावची आरे कॉलनी.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईचे दूध शहरातल्याच तबेल्यांतून येई. दाट वस्तीत म्हशी बांधलेल्या, शेणामुताची दुर्गंधी, दुधात पाण्याची भेसळ, आणि भाकड झालेली म्हैस थेट खाटकाकडे. यावर मुंबई दूध योजनेचे दारा खुरोडी यांनी काढलेला मार्ग साधा होता. म्हशी शहराबाहेर एका ठिकाणी न्यायच्या आणि घरोघरी फक्त दूध पोहोचवायचे. १९४९ मध्ये वसाहत स्थापन झाली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे तेराशे हेक्टरांच्या त्या टेकडाळ प्रदेशात गोठ्यांची युनिटे उभी राहिली. म्हशी मालकांच्याच राहिल्या. गोठा मात्र सरकारचा. मालकाने भाडे भरायचे आणि दूध योजनेला घालायचे.

खुरोडींचे दुसरे काम याहून महत्त्वाचे ठरले. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो आणि म्हणून ते महाग पडते. त्यात पाणी व स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश तीन टक्क्यांच्या आसपास आणला, तर तेवढ्याच म्हशींच्या दुधातून कितीतरी अधिक घरे भागतात. हे ‘टोण्ड’ दूध १९४६ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्याला पाणचट म्हणणारे तेव्हाही होते. दही घट्ट लागत नाही, साय येत नाही, खवा तर विसराच! तक्रारी खऱ्या होत्या. परंतु ज्या घरात चहापुरते आणि लेकरापुरतेच दूध लागे, त्या घराला साय नको होती, परवडणारा भाव हवा होता. खुरोडींना १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ब्राउझरवरचा लॅपटॉप हे संगणकातले टोण्ड दूधच आहे.

नेहमीच्या संगणकात म्हैस घरात बांधलेली असते. प्रोग्राम, फाइली, त्यांची साठवण, त्यांची देखभाल, विषाणूंपासून राखण, सारे त्या एका डब्यात. गूगलने जुलै २००९ मध्ये क्रोमओएस जाहीर केली आणि जून २०११ मध्ये एसर व सॅमसंग यांची पहिली क्रोमबुके विक्रीस आली, तेव्हा त्यामागची कल्पना अशी होती की गोठा दूर कुठेतरी सर्व्हरवर असावा आणि घरात फक्त बूथची खिडकी असावी, म्हणजे ब्राउझर. सॅमसंगच्या त्या पहिल्या यंत्रात साठवण अवघी १६ जीबी होती. जड काम दुसरीकडे होत असल्याने हलका प्रोसेसर आणि थोडी मेमरी पुरते, बॅटरी टिकते आणि किंमत उतरते.

कल्पना अर्थात जुनीच. १९९५-९६ मध्ये ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी पाचशे डॉलरच्या ‘नेटवर्क कॉम्प्युटर’चा मोठा गाजावाजा केला होता. त्याच सुमारास, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हाचे ‘शेल’ खाते ज्यांनी वापरले, त्यांना क्रोमबुकचे नवल वाटू नये. मोडेम फोनला जोडायचा, संगणक निगमच्या, पण पडदा घरचा, आणि त्यावर नुसती अक्षरे. एलिसन यांचे यंत्र बसले, कारण दूध वाहून नेणारा रस्ताच कच्चा होता. टेलिफोनच्या तारेतून एक चित्र उतरायला मिनिटे लागत, मग अख्खा संगणक त्या तारेवर कसा चालावा?

भारतातला हा रस्ता रुंद झाला तो ५ सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ सुरू होऊन डेटाचे भाव कोसळल्यावर. त्याआधी एप्रिल २०१५ मध्ये झोलो आणि नेक्सियन यांनी १२,९९९ रुपयांची क्रोमबुके आणली होती. स्वस्त यंत्र दीड वर्ष आधी आले, स्वस्त डेटा मागाहून. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये जिओने १६,४९९ रुपयांचे जिओबुक विकायला काढले आणि त्यात ४जी सिमची सोय आतच ठेवली. त्याची प्रणाली अँड्रॉइडवर बेतलेली आहे, पण हिशेब तोच. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून एचपीने गूगलसाठी चेन्नईजवळच्या फ्लेक्सच्या कारखान्यात क्रोमबुके बनवायला घेतली.

आता लाभांचे बोलू. ज्या घराचे संगणकीय काम म्हणजे अकरावीचा ऑनलाइन प्रवेशअर्ज, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, सातबारा पाहणे, बँक, वीजबिल, मेल आणि मुलांचे व्हिडिओ एवढेच असते, त्याला अशा यंत्राने काही अडत नाही. ते झटपट सुरू होते. प्रणालीचा गाभा केवळ वाचता येईल अशा कप्प्यात असतो आणि प्रत्येक वेळी सुरू होताना त्याची तपासणी होते. त्यामुळे व्हायरसचा उपद्रव फार कमी. यंत्र बिघडले, हरवले, पावसात भिजले, तरी दुसऱ्या यंत्रावर खाते उघडताच सर्व्हरवर ठेवलेली कागदपत्रे समोर. म्हैस सुखरूप असते, फक्त बाटली फुटते. शाळेच्या दृष्टीने तर हे वरदानच, कारण शंभर यंत्रे एका शिक्षकाला एका जागेवरून सांभाळता येतात. ६ ऑगस्ट २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने राज्यातील शाळांसाठी गूगल क्लासरूमची सोय सुरू केली. असे करणारे ते पहिले राज्य होते.

तोटेही आरेच्या बूथवर दिसलेलेच. आरेचे दूध कार्डावर मिळे. कार्ड नसेल तर खिडकीवर उभे राहून उपयोग नाही. क्रोमबुकचे कार्ड म्हणजे गूगलचे खाते. परवलीचा शब्द हरवला वा खाते बंद पडले, की यंत्र हातात असूनही मालक बाहेर. म्हशी कोणाच्याही असोत, गोठ्याचे नियम गोठ्याचा मालक ठरवतो, आणि गोठ्यात काय चालते हे बाटली घेणाऱ्याला दिसत नाही.

दुसरी अडचण खास मराठी आहे. छपाईच्या दुकानात आजही श्रीलिपी चालते, हिशेबनिसाकडे टॅली चालते आणि दोन्ही विंडोजची अपत्ये. ई-निविदांसाठी लागणारी डिजिटल सहीची यूएसबी कळही बहुधा विंडोजच मागते. २००१ पासून लाखोंनी केलेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम विंडोज आणि ऑफिसवर शिकवला गेला आहे. त्या परीक्षेचा सराव क्रोमबुकवर करू पाहणाऱ्याची फसगत होईल. २०१६ पासून अँड्रॉइडची आणि २०१८ पासून लिनक्सची ॲप्स क्रोमबुकवर चालू लागली हे खरे, पण त्यासाठी मेमरी लागते आणि नेमक्या स्वस्त यंत्रांत तीच तोकडी असते. ज्याला खवा करायचा आहे, त्याने टोण्ड दूध घेऊ नये.

तिसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. प्रत्येक क्रोमबुकला सुरक्षा-अद्यतनांची शेवटची तारीख असते, आणि ती मोजली जाते मॉडेल बाजारात आल्यापासून, ग्राहकाने विकत घेतल्यापासून नव्हे. सवलतीत मिळणारे जुने मॉडेल म्हणूनच स्वस्त असते. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने ही मुदत दहा वर्षांची केली, तेव्हापासून स्थिती पुष्कळ सुधारली; तरी घेण्यापूर्वी ती तारीख पाहणे, जुन्या बाटलीच्या झाकणाचा वास घेण्याइतकेच आवश्यक.

आणि सर्वांत मोठी अडचण पुन्हा आरेतच भेटते.

आरेच्या हद्दीत आदिवासींचे सत्तावीस पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा समाजांची ही वस्ती गोठ्यांच्या आधीपासूनची. शहराचे दूध त्यांच्या जमिनीवरून गेले, पण काही पाड्यांना साध्या विजेसाठी दशकानुदशके खेटे घालावे लागले. आज विदेच्या नव्या गोठ्यांचेही तसेच आहे. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये आपल्या क्लाउडचा मुंबई विभाग सुरू केला. पवईच्या अलीकडे चांदिवलीत डेटा सेंटरे उभी आहेत, आरेपासून हाकेच्या नाही तरी रिक्षाच्या अंतरावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर गेले, तेव्हा घरात एकच फोन असणे, तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात असणे आणि झाडीत सिग्नल तुटणे, हे सारे गरिबांच्या वस्त्यांत एकाच वेळी घडले. ब्राउझरवरचे यंत्र अशा जागी किंमतीने स्वस्त, पण वापराने महाग पडते. त्याचा निम्मा खर्च डब्यात नसून दर महिन्याच्या डेटात असतो, आणि तो शासकीय वाटपात सहसा धरला जात नाही.

याला उलटा मार्गही मुंबईच्या आसपास आजमावून झाला आहे. निकोलस निग्रोपाँटी यांच्या ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ योजनेला केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला. तरी २००७ मध्ये तिचा भारतातील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातील खैराट या गावी, वीसेक मुलांच्या एकशिक्षकी शाळेत झाला. ते हिरवे-पांढरे एक्सओ यंत्र उन्हात वाचता येई, विजेवर फार थोडे जगे, जवळच्या दुसऱ्या एक्सओशी स्वतःच जोडले जाई, आणि नेट नसतानाही मुलाला लिहिता-चितारता येई. शंभर डॉलर हे स्वप्नच राहिले, प्रत्यक्ष किंमत दोनशेच्या घरात गेली. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या टॅबमध्येही अभ्यासक्रम आतच भरलेला होता. २०१८ मध्ये आठवीची पाठ्यपुस्तके बदलली. घरच्या म्हशीचा तोटा तिथे कळतो, कारण पुस्तक बदलले की प्रत्येक टॅब हाताने पुन्हा भरावा लागतो.

गूगल डॉक्समध्ये ‘ऑफलाइन’ नावाची एक खूण असते. ती आधी, नेट असताना लावून ठेवावी लागते. मग सिग्नल गेला तरी निबंध लिहिता येतो आणि सिग्नल आल्यावर तो आपोआप सर्व्हरवर चढतो. पाड्यावरच्या मुलाच्या हाती क्रोमबुक देणाऱ्याने यंत्रासोबत ही खूण लावून द्यावी आणि वर्षाच्या डेटाचे पैसे त्याच पावतीत धरावेत.