भयकथेचा विद्यार्थी-वाचक : मराठी समीक्षेतील एक उपेक्षित प्रश्न

मराठीतील अद्भुत आणि भयप्रधान कथनात्म साहित्याचा विचार आजवर प्रामुख्याने लेखक, प्रभाव आणि वाङ्मयप्रकार या तीन अंगांनी झाला. या विचारात वाचक येतो तो बहुधा 'लोकप्रिय' या विशेषणापुरता. पदवीच्या वर्गातील एखादा विद्यार्थी नारायण धारपांची कादंबरी वाचून 'रात्री दिवा मालवण्याचे धाडस झाले नाही' असे लिहितो, तेव्हा ते विधान आस्वादाचे मानायचे की अपरिपक्व अभिरुचीचे, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारात घेतलेला नाही. या उपेक्षेला एक इतिहास आहे.

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 मध्ये प्रसिद्ध झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या अरबी गोष्टींच्या भाषांतरानेही अद्भुताची गोडी वाढवली. पुढे 1872 मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहून असंभाव्यतेवर आक्षेप घेतला. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांनंतर तर संभाव्यता हाच गांभीर्याचा निकष ठरला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की अद्भुताविरुद्धचा युक्तिवाद वाचकावर होणाऱ्या परिणामाचा होता. परंतु त्या वाचकाची साक्ष मात्र कोणी काढली नाही.

ही उतरंड केवळ वसाहतकालीन नव्हे. भरताने भयानक रसाचे जे विभाव सांगितले, त्यांत विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांचा त्रास, ओस घर आणि अरण्य यांचा समावेश आहे. आधुनिक भयकथेची सामग्री यापासून फार दूर गेलेली नाही. मात्र 'भय' हा स्थायी भाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचा, असेही नाट्यशास्त्रात म्हटले आहे. भिणारा तो हीन, ही धारणा पात्रांकडून वाचकाकडे सहज सरकली असावी. भयकथेचा वाचक दुय्यम ठरण्यामागे वास्तववादी निकषाइतकाच हा जुना संस्कारही उभा दिसतो.

हा दुय्यम मानला गेलेला वाचक घडला तो मासिके आणि वाचनालये यांतून. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने गूढ आणि भय यांना हक्काचे स्थान दिले. धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके गावोगावच्या कपाटांत पोहोचली. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा 1967 मध्ये आला. शिवाजी विद्यापीठाची स्थापना 1962 ची. पन्हाळा तालुक्यातील, वारणानगरला लागून असलेल्या कोडोलीसारख्या गावात साखर कारखान्याच्या सहकारातून आलेली समृद्धी, महाविद्यालयीन शिक्षण आणि वाचनालयाचे पुस्तक या गोष्टी मागेपुढे एकाच पिढीच्या आयुष्यात आल्या. त्याच परिसराच्या लोकसमजुतींत पिंपळावरचा मुंजा, हडळ आणि चकवाही होता.

येथेच एक सैद्धांतिक अडचण उभी राहते. त्स्वेतान तोदोरोव्हने 1970 मध्ये अद्भुताची व्याख्या वाचकाच्या साशंकतेवर उभारली: घटनेचे स्पष्टीकरण नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याविषयी निर्णय न होणे म्हणजे अद्भुत. ही व्याख्या असा वाचक गृहीत धरते, की ज्याच्या जगात निसर्गनियमांची सीमारेषा आधीच पक्की आहे. मुंजाविषयी आजीकडून ऐकलेल्या आणि विज्ञानाची परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्याच्या मनात ही रेषा एकच नसते. त्याची साशंकता कथेपुरती नसून दोन ज्ञानव्यवस्थांमधली असते. त्यामुळे स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवरून धारपांनी 'लुचाई' आणि 'शपथ' रचल्या, तेव्हा त्यांनी केवळ स्थळांची व पात्रांची नावे बदलली असे म्हणणे अपुरे आहे. मूळ कृती ज्या अविश्वासावर मात करते, त्याच्या जागी येथे अर्धवट मागे सोडलेला विश्वास आहे. उसनवारीचा हिशेब मांडणाऱ्या समीक्षेला हा फरक दिसत नाही, कारण तो संहितेत नसून वाचनात आहे.

मग भयकथा अंधश्रद्धा पोसते काय? महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्या राज्यात हा आक्षेप हलका मानता येणार नाही. धारपांच्या 'समर्थ'कथांत अघोरी शक्तीचा पराभव आध्यात्मिक सामर्थ्याने होतो. देवऋषीची भूमिका तेथे उजळून निघते, असे कोणी म्हटल्यास त्यात तथ्य आहे. परंतु श्रद्धेतले भय आणि वाचनातले भय यांचे व्यवहार वेगळे आहेत. श्रद्धेतले भय कृती मागते: उतारा, अंगारा, वाट टाळणे. वाचनातले भय असे काही मागत नाही. उलट दुसऱ्या दिवशी वाचक त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक शोधतो.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीचे विवेचन करताना 'शाकुंतला'तील भ्यालेल्या हरिणाचे उदाहरण घेतले, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. 'मी भ्यालो', 'हा भ्याला' अशा प्रतीती टाळण्याची, सोडण्याची बुद्धी उत्पन्न करतात. रसातील भय स्थळकाळाच्या बंधनातून मुक्त असते. श्रद्धा आणि आस्वाद यांतील भेद याहून नेमका सांगणे कठीण आहे. तरीही विद्यार्थ्याची नोंद या उपपत्तीत पूर्णपणे मावत नाही. तो 'मी भ्यालो' असेच म्हणतो आणि दिवा जळता ठेवतो. म्हणजे भयकथेत साधारणीकरण पुरे होत नाही. वैयक्तिक भयाचा थोडा अवशेष उरतो. तो श्रद्धेइतका बलवान नसतो, म्हणून उतारा काढला जात नाही. रसाइतका निर्मळही नसतो, म्हणून झोप येत नाही. हा अवशेष म्हणजे आस्वादातला दोष नव्हे. तो शिल्लक राहावा यासाठीच या प्रकारची रचना झालेली असते. मतकरींच्या गूढकथांचे बळही पुष्कळदा याच ठिकाणी आहे. भय तेथे ओस वाड्यापेक्षा ओळखीच्या घरात, माणसाच्या मनात वसते आणि त्यामुळे पुस्तक मिटल्यावरही मागे राहते.

म्हणून विद्यार्थ्याचा वैयक्तिक प्रतिसाद उत्तरपत्रिकेतून खोडून टाकण्याची आपली अध्यापनपरंपरा तपासून पाहिली पाहिजे. 'मला वाटले' हे शब्द गाळायला शिकवून त्याच्या हाती 'वातावरणनिर्मिती', 'रहस्यरंजन' अशी तयार लेबले दिली जातात. आणि ज्या एका गोष्टीविषयी तो अधिकाराने बोलू शकला असता, तिच्याविषयी तो गप्प होतो. तो कशाला भ्याला, कोठे हसला, वाचून झाल्यावर पिंपळाखालून गेला की वळसा घालून गेला, हे नोंदले गेले तरच भयकथा विवेक क्षीण करते की भयाला हाताळण्याजोगे रूप देते, या वादाला पुरावा मिळेल. मराठ्यांच्या निबंधापासून वाचकाच्या वतीने बोलणारे पुष्कळ झाले. वाचकाला बोलू देण्याचे काम अद्याप व्हायचे आहे.