रेणूरचना संशोधनाची समकक्ष समीक्षा

रेणूरचना संशोधनाची समकक्ष समीक्षा (पियर रिव्ह्यू) म्हणजे संयुगाच्या रेणूतील अणूंच्या मांडणीविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याच विषयातील अन्य तज्ज्ञांनी केलेले परीक्षण होय. समीक्षक सहसा प्रयोग पुन्हा करून पाहत नाही. दिलेल्या मोजमापांवरून निष्कर्ष निघतो की नाही, हे तो तपासतो. म्हणून निबंध पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून आलेला असो वा परदेशातून, क्ष-किरणांनी ठरवलेल्या स्फटिकरचनेसोबत तिच्या तपशिलांची ‘सीआयएफ’ ही संगणकीय धारिका मागितली जाते. ‘चेकसीआयएफ’ ही प्रणाली तिच्यातील विसंगती दाखवते. अर्थात प्रत्येक इशारा म्हणजे चूक नव्हे. निवाडा शेवटी माणसालाच करावा लागतो.

या व्यवस्थेतील उणीव ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’ नियतकालिकाच्या ‘ई’ विभागात उघड झाली. चीनमधील जिंगगांगशान विद्यापीठातील दोन गटांच्या किमान ७० रचना बनावट असल्याचे जानेवारी २०१०च्या अंकातील संपादकीयात जाहीर करण्यात आले. एका खऱ्या स्फटिकाचीच मोजमापे पुन्हापुन्हा वापरून, त्यातील एखाद्या अणूच्या जागी, उदाहरणार्थ एका धातूऐवजी दुसरा धातू, कागदोपत्री दाखवून ‘नवी’ संयुगे सादर केली गेली होती. समीक्षकांच्या नजरेतून हे निबंध सुटले होते. प्रसिद्ध झालेल्या रचनांची संगणकाने फेरतपासणी करताना अणूंच्या कंपनांची न जुळणारी मूल्ये आढळली, आणि निबंध मागे घेण्यात आले.