जुन्या लष्करी रायफलीचे जतन : पुनःस्थापना की रूपांतर?

प्रस्तावना :
ब्रिटनने १९०७ मध्ये स्वीकारलेली ली-एनफिल्ड मार्क ३ ही रायफल पहिल्या महायुद्धात ब्रिटिश व भारतीय सैनिकांचे प्रमुख शस्त्र होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा रायफली अमेरिका व कॅनडात शिलकी लष्करी माल म्हणून स्वस्तात विकल्या गेल्या.

विवेचन :
वजन कमी करण्यासाठी शिकाऱ्यांनी नळीवरील लाकूड कापले, काहींनी नळी आखूड केली, दुर्बिणीसाठी छिद्रे पाडली. त्यांच्या दृष्टीने ते केवळ उपयुक्त अवजार होते. १९६८ च्या अमेरिकन कायद्याने लष्करी शस्त्रांच्या आयातीवर बंधने घातली, स्वस्त पुरवठा आटला आणि मूळ स्वरूपातील रायफलीचे मोल वाढले. कारखान्याची मुद्रा, निर्मितीवर्ष व जुळणारे क्रमांक ही इतिहासाची साधनेच होत. केवळ लाकूड कापले असल्यास त्याच नमुन्याचे लाकूड बसवून मूळ रूप देता येते. परंतु नळीच कापली असल्यास नवे भाग जोडून केलेली पुनःस्थापना प्रतिकृतीच्या जवळ जाते.

निष्कर्ष :
अखंड रायफलीत बदल करू नये. भरून काढता येणारा बदल दुरुस्त करावा. कायमची बदललेली रायफल मात्र तशीच जपावी, कारण तीही युद्धोत्तर नागरी जीवनाचा पुरावा आहे.