पाटावरची दक्षिणा

मंडळी, हिरण्यकेशीचं दर्शन घेऊन आपण इथे आंबोलीत बसलो आहोत. घाट उतरला की सावंतवाडी, तिथली चितारआळी. आजचा उत्तररंग तिकडचाच.

आपल्या कोकणात गणपती 'विकत' आणला असं कुणी म्हणत नाही. नागपंचमीच्या सुमाराला, कुठे त्याआधीच, घरचा पाट गणपतीच्या शाळेत पोचवायचा. चतुर्थीला देव आणताना मूर्तिकारापुढे विडा, नारळ आणि दक्षिणा ठेवायची, नमस्कार करायचा, मग पाट उचलायचा. जुना मूर्तिकार तोंडाने आकडा सांगत नसे. आता कुणी विचारतो, "महाराज, दक्षिणाच ना? मग अकरा रुपये ठेवले तर चालतील?" अरे बाबा, माती आहे, रंग आहे, दोन-दोन महिने जागलेले हात आहेत! तो मागत नाही, म्हणून तुझा हिशेब सुटला का? मोल आधी विचार, ते पुरतं दे. विड्यावरची दक्षिणा त्याच्या वर. (कीर्तनकार हे सांगतो म्हणजे स्वतःच्या बिदागीची तजवीज करतो, असं वाटेल. वाटू द्या.)

बिदागी म्हणजे निरोप देताना केलेला मान. संस्थान होतं तेव्हा चिताऱ्याला काम सांगणारे घर होते. दशावतारी गंजिफा घ्या: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण 120. गोल पत्ता, हाताने रंगवलेला, वर लाखेचा लेप. एकेका पत्त्यावर देव काढायचा! पुढे छापील पत्ते आले, स्वस्त आणि गुळगुळीत. काम सांगणारा थांबला, मग बिदागी कुठली? जुने हात बोटांवर मोजण्याइतके उरले.

तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी काय करते झाले? नुसती थैली पाठवली नाही. बडोद्याच्या गायकवाडांची लेक, पण म्हाताऱ्या चिताऱ्याकडून स्वतः ती कला शिकल्या, राजेही शिकले. मग राजवाड्यातच काम सुरू केलं, नवी मुलं बसवली.

दरबारात आजही कारागीर पत्ते रंगवताना दिसतात. घाट उतराल तेव्हा जा. सांगतील ती किंमत द्या, घासाघीस नको. वर काही द्यावंसं वाटलं, तर रंगवणाऱ्याच्या हातात द्या, आणि कुठला अवतार आवडला तेही त्याला सांगा.