पाबळचा विज्ञान आश्रम आणि हायस्कुलातलं हाताचं विज्ञान

आजचा विषय शिक्षणाच्या इतिहासातला आहे, पण तो फार जुना नाही. आपल्यापैकी बरेच जण त्या काळात शाळेत होते. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. शिरूर ओलांडलं की आपला पारनेर तालुका लागतो, म्हणजे तसं शेजारचंच. पाऊसमान बेताचं, शेती विहिरींच्या जिवावर. या गावात १९८३ मध्ये हायस्कुलातल्या मुलांना विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. त्यातून काय टिकलं आणि का टिकलं, एवढंच आज बघायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. शाळेत हाताचं काम असावं ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमचा आराखडा ठरला. उद्योगातूनच भाषा, गणित, भूगोल शिकवायचा, असा तो विचार होता. त्याआधी १९१९ पासून कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था उभी राहत होती. आपल्या नगर जिल्ह्यात रयतच्या किती शाखा आहेत ते तुम्हाला सांगायला नको. ‘कमवा आणि शिका’ने गरिबांच्या मुलांना शाळेचं दार उघडलं. पण एक फरक लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे. ‘कमवा आणि शिका’त कामामुळे शिक्षणाचा खर्च निघत होता. नई तालीममध्ये काम हेच शिक्षण होतं.

स्वातंत्र्यानंतर नई तालीम हळूहळू मागे पडली. बऱ्याच ठिकाणी टकळी राहिली आणि विचार गेला. मग १९६६ मध्ये कोठारी आयोगाचा अहवाल आला. त्यात ‘कार्यानुभव’ हा शब्द आला. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, म्हणजे आपल्याच मराठी मुलखातले शिक्षणतज्ज्ञ. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याचं ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं नाव केलं. नाव लांबलं, तास मात्र आखडला. कार्यानुभवाच्या तासाला खडू तयार केलेले, कागदाची फुलं केलेली अनेकांना आठवत असतील. तो तास मोकळा तास समजला जायचा, कारण त्या तासातल्या कामाचा पुढच्या तासातल्या विज्ञानाशी काही संबंध नव्हता.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि गणित-विज्ञान सगळ्यांनाच सक्तीचं झालं. हेतू चांगला होता. पण खेड्यातल्या हायस्कुलात प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट. त्यामुळे मुलांनी विज्ञान पाठ केलं, आणि ज्यांना पाठ झालं नाही त्यांनी शाळा सोडली.

आता पाबळकडे येऊ. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर होते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात त्यांनी अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केली होती. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पत्नी मीराताईंसह पाबळला येऊन राहिले. विज्ञान आश्रम सुरू झाला तो पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं एक केंद्र म्हणून. ही संस्था जे. पी. नाईकांनी स्थापन केलेली. पुढे ती चित्राताई नाईकांनी चालवली. कोठारी आयोगाच्या अहवालातला शब्द आणि पाबळची माळरानावरची जागा यांच्यामध्ये हा असा सरळ धागा आहे.

कलबागांचं निरीक्षण साधं होतं. शाळेत नापास होणारा मुलगा घरी मोटार खोलतो, गाईचं दुखणं ओळखतो, छपराची कैची कशी बसते ते त्याला कळतं. म्हणजे शिकण्याची शक्ती त्याच्याकडे आहे. तो बघून, करून शिकतो. शाळा नेमकी ही वाट बंद करते आणि वर त्यालाच ‘ढ’ म्हणते. म्हणून आश्रमाने पहिल्यांदा शाळा सोडलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम काढला. आणि दुसरं, आजच्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं काम केलं: चालू हायस्कुलांतल्या आठवी, नववी, दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयबीटी’ म्हणतात. ऐंशीच्या दशकातच एसएससी बोर्डाने तो व्ही-१ या नावाने पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य केला.

या विषयाची रचना नीट समजून घेऊ. आठवड्यातला एक दिवस कामाचा. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. चारही विभाग सगळ्यांना. म्हणजे मुली वेल्डिंग करणार आणि मुलगे स्वयंपाकघरातलं पोषण शिकणार. शिकवायला गावातलाच कारागीर किंवा आश्रमात तयार झालेला निदेशक. आणि चौथी गोष्ट: केलेलं काम खरं असलं पाहिजे. कुणाचं तरी गेट, कुणाचा तरी शोषखड्डा, कुणाच्या तरी रक्तगटाची तपासणी. ज्याचं काम, त्याने सामानाचा खर्च द्यायचा.

या शेवटच्या अटीत सगळी मेख आहे. गिऱ्हाईक खरं असलं की अंदाजपत्रक करावं लागतं. अँगल किती फूट लागणार, वाया किती जाणार, वेल्डिंगचे रॉड किती, मजुरी किती. अंदाज चुकला तर पैसे कुणीतरी भरणार असतात. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाचं उत्तर चुकलं तर लाल फुली मिळते. इथे गेटच चौकटीत बसत नाही.

यात विज्ञान कुठे आहे, असं कुणी विचारेल. दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं पशुपालनातलं. गाईचं वजन काट्याशिवाय कसं काढायचं? छातीचा घेर आणि शरीराची लांबी टेपने मोजायची, इंचांत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर अंदाजे किलोत येतं. घेर ६० इंच, लांबी ५० इंच असेल तर सुमारे २७३ किलो. जनावराला जंताचं औषध किती द्यायचं, खुराक किती द्यायचा, हे वजनावर ठरतं, म्हणून हे कामाचं गणित आहे. पण चांगला शिक्षक इथे थांबत नाही. तो विचारतो, घेराचा वर्गच का? मग मुलं गाईला आडवा दंडगोल समजतात, परिघावरून घनफळ काढतात. उत्तर येतं सुमारे २३५ लिटर. शरीराची घनता पाण्याच्या आसपास धरली तर २३५ किलो. सूत्राने तर २७३ आले होते! मग ३८ किलो गेले कुठे? कुणीतरी म्हणतं, “सर, मान, डोकं आणि पाय कुठे मोजले आपण?” मंडळी, या एका प्रश्नात भूमिती आहे, घनता आहे, आणि विज्ञानात प्रतिमान म्हणजे काय, ते कुठवर चालतं, हेही आहे.

दुसरं उदाहरण पाण्याचं. आपल्याकडे विहीर किंवा बोअर घ्यायची म्हटली की पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ घेऊन शेतात फिरतो. पाबळला मुलांना आणि निदेशकांना जमिनीचा विद्युतरोध मोजायला शिकवलं गेलं. एका ओळीत सारख्या अंतरावर चार लोखंडी सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळयांमधला विभवांतर मोजायचा. भागाकार केला की रोध मिळतो. हा तर शाळेतला ओहमचा नियम झाला. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की मोजमाप जास्त खोलीपर्यंत पोचतं. अखंड काळ्या कातळाचा रोध जास्त, भेगांतून पाणी भरलेल्या खडकाचा कमी. पण चिकणमाती किंवा खारं पाणी असेल तरीही रोध कमी येतो. म्हणजे हे यंत्र पाणी दाखवत नाही, रोध दाखवतं. अर्थ आपल्यालाच लावावा लागतो आणि तो चुकूही शकतो. ज्या मुलाने हे स्वतः केलंय, तो पाणाड्याशी वाद घालो न घालो, पण एक प्रश्न नक्की विचारेल: “आतापर्यंत किती ठिकाणं सांगितली आणि त्यातली किती लागली?” वैज्ञानिक दृष्टिकोनावरची दहा भाषणं एका पारड्यात आणि हा प्रश्न दुसऱ्या पारड्यात टाकला, तर मला प्रश्नाचं पारडं जड वाटतं.

आता इतिहासकाराचा प्रश्न: असे प्रयोग टिकतात का? तुलनेसाठी शेजारच्या मध्य प्रदेशात जाऊ. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीत, प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी ते काम उचललं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या वैज्ञानिकांची साथ होती. १९७८ मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला. पुस्तक उघडं ठेवून लेखी परीक्षा, शिवाय प्रात्यक्षिकाची परीक्षा, असं सगळं सरकारी शाळांत चाललं. तीस वर्षं चाललं. आणि २००२ मध्ये राज्य सरकारने ते बंद केलं.

पाबळचा विषय मात्र डॉ. कलबाग २००३ मध्ये गेल्यानंतरही चालू राहिला, महाराष्ट्रात आणि बाहेरही शंभरावर शाळांपर्यंत गेला. मला याची दोन कारणं दिसतात. एक, तो बोर्डाच्या गुणपत्रिकेवर होता. त्याने कुठल्या विषयाची पद्धत बदलायला मागितली नाही, स्वतःची एक जागा मागितली. दोन, गावाला त्याचा उपयोग दिसत होता. ज्या शाळेतली मुलं आपलं गेट करून देतात, त्या शाळेतला तो विषय बंद करायचा म्हटलं तर गाव विचारतंच.

पण या टिकण्याची किंमतही आहे, ती झाकून ठेवू नये. विषय ऐच्छिक, म्हणजे बहुतेक शाळांना तो न घेण्याची मुभा. कार्यशाळेला, निदेशकाच्या मानधनाला पैसे लागतात. दहावी जवळ आली की कामाचा दिवस ‘जादा तासां’ना दिला जातो. आणि पालक म्हणतात, पोराला शिकायला पाठवलंय, वेल्डिंग करायला नाही. या वाक्याला हसू नका. ज्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या फक्त हाताचंच काम केलं, जातीने ते लादलं म्हणून केलं, त्यांना शाळेतही हातोडाच दिसला तर संशय येणारच. त्याला उत्तर एकच: हातोड्याबरोबर ‘का’ दिला पाहिजे, आणि तो गावातल्या सगळ्यांच्या मुलांच्या हातात दिला पाहिजे. पाबळने चारही विभाग सगळ्यांना ठेवले, ते म्हणून मोलाचं. २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या काहींपैकी एक. हातोड्याशेजारी संगणकावर चालणारी यंत्रं बसली. हाताचं काम म्हणजे मागासलेलं काम, हा समज तिथे मोडला.

हा इतिहास आज सांगण्याचं कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर, असं म्हटलंय. चांगली गोष्ट आहे. पण हिशेब करा. आठवड्याला एक दिवस, वर्षाचे पस्तीस आठवडे, तीन वर्षं: शंभरावर दिवस होतात. दहा दिवसांत कुंभाराचं चाक फिरताना बघून होईल. भांडं तडकलं का, याचा शोध दहा दिवसांत लागणार नाही. शिवाय कौशल्याच्या नावाखाली नुसता धंदा शिकवला आणि विज्ञान काढून घेतलं, तर आपण पुन्हा टकळीपाशी येऊ.

शिर्डीपुरतं बोलायचं तर सामान इथेच पडलंय. २००९ मध्ये साई प्रसादालयाच्या छपरावर सूर्याच्या उष्णतेवर वाफ करण्यासाठी ७३ परावर्तक बसवले गेले. आपली नववीची मुलं अंतर्वक्र आरशाची आकृती काढून गुण मिळवतात. त्यांच्यापैकी किती जणांनी तो परावर्तक जवळून पाहिला, त्याचं नाभीय अंतर मोजलं? एकाचं क्षेत्रफळ १६ चौरस मीटर धरलं तर ७३ चं ११६८ चौरस मीटर होतं. त्यावर पडणाऱ्या उन्हातून किती पाणी उकळेल, हे गणित राहात्याच्या, कोपरगावच्या कुठल्याही हायस्कुलात करता येईल. मग शाळेत एक छोटा परावर्तक बनवायचा आणि आपलं गणित कुठे चुकलं ते शोधायचं. त्यासाठी आठवड्यातला एक दिवस, गावातला एक वेल्डर आणि हिशेबाची एक वही हवी. वेल्डरला मानधन द्या, फुकट बोलावू नका. त्याच्या ज्ञानाला शाळेत किंमत आहे हे मुलांना दिसू दे.

पाबळचं टिकाऊ देणं विचाराल तर मी हेच सांगेन. तिथल्या घुमटाकार घरांची, यंत्रांची जागा उद्या दुसरी यंत्रं घेतील. पण गावातलं काम हा परीक्षेचा विषय होऊ शकतो आणि त्यात ओहमचा नियम सापडतो, हे तिथे एकदा सिद्ध होऊन बसलंय. आता कुठल्याही मुख्याध्यापकांना ‘आमच्याकडे हे शक्य नाही’ म्हणायचं असेल, तर आधी पाबळला जाऊन यावं लागेल. रस्ता फार लांबचा नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः शिक्षक मंडळींनी.